धोंडूची पालकवही

'बदलाचे कारण' या रकान्यात तासगावच्या ओवी जगदाळेने लिहिले होते, "मूल विकले होते. वर्ष झाले, आता परत घेत आहे." मोबदल्यासाठी अर्जात जागा नव्हती, तरी तिने प्रामाणिकपणे पुढे जोडले होते, "पसाभर कोंड्याला विकले. तेवढाच कोंडा परत दिला. कोणाची तक्रार नाही."

नाळ कार्यालयात येणारे अर्ज यंत्र वाचत असे. ते कधी वैतागत नसे, जेवायला उठत नसे आणि 'उद्या या' असे म्हणत नसे, त्यामुळे लोकांचा त्याच्यावर फार जीव होता. पण 'मूल' आणि 'विकले' हे शब्द एका वाक्यात दिसले की काय करायचे, हे त्याला पक्के पढवलेले होते. त्याने अर्ज कुलूपबंद केला, जिल्ह्याच्या बालरक्षण अधिकाऱ्याला तातडीचा इशारा धाडला आणि एक प्रत पुण्याला डॉ. सुमेधा हेरवाडकर यांच्याकडे रवाना केली.

डॉ. हेरवाडकर म्हणजे ज्यांच्या डोक्यातून 'नाळ' ही लसयोजना निघाली त्या बाई. यंत्राला न पचलेले अर्ज सकाळच्या चहाबरोबर स्वतः वाचायची त्यांना सवय होती. हा अर्ज त्यांनी दोनदा वाचला. मुलाची विक्री, कोंडा वगैरे भाग त्यांच्या डोळ्यांत भरलाच नाही. त्यांना दिसले ते एवढेच, की एका बाळाची वही वर्षभर भलत्याच बाईच्या वहीला जोडलेली होती.

"कोंडा गेला खड्ड्यात," त्या सहायकाला म्हणाल्या, "या पोराला चुकीची लस गेलीय. जिवंत आहे का ते आधी बघा."

जिवंत होते. वजन चांगले होते, चार दात आले होते आणि वर्षभरात एकदाही तापाने फणफणले नव्हते. डॉक्टरीणबाईंचा चहा निवून गेला.

नाळेशिवायचे जग आठवणारी माणसे आता म्हातारी झाली आहेत, तेव्हा थोडे मागे जायला हवे. हवा बिघडली, पाऊस वेळापत्रक सोडून पडू लागला आणि पुराच्या पाण्याबरोबर नवनवे ताप गावात शिरले, तेव्हा त्यांनी सर्वांत आधी तान्ह्या मुलांना गाठले. निसर्गाने बाळांसाठी एक व्यवस्था केलेली असते. आईच्या अंगाने आयुष्यभर ज्या ज्या रोगांशी झुंज घेतली, त्यांच्याशी लढण्याची द्रव्ये बाळाला तिच्या रक्तातून आणि दुधातून मिळतात. पण ती उसनी असतात. काही महिन्यांत ती विरून जातात आणि बाळाला पहिल्या धड्यापासून सगळे शिकावे लागते. शिकता शिकता कितीतरी बाळे जात.

सुमेधाबाई तेव्हा तरुण होत्या. त्यांनी एक साधा प्रश्न विचारला. आईने पंचवीस वर्षे खपून जे शिकून ठेवले, ते बाळाला कायमचे का देता येऊ नये? आईच्या रक्तात 'स्मृतिपेशी' असतात. एकदा भेटलेला जंतू त्या विसरत नाहीत. या पेशींतली ओळख वाचायची, तिच्याबरहुकूम लस बनवायची आणि बाळाला सातव्या दिवशी टोचायची, अशी त्यांची कल्पना होती. या लसीला त्यांनी 'वारसलस' असे नाव दिले. पुढे बारा वर्षांचे होईपर्यंत दर वाढदिवसाला एक उजळणीची लस द्यायची, की आईची शिकवण मुलाच्या अंगात पक्की मुरते.

प्रत्येक नागरिकाच्या शरीराची जन्मापासूनची नोंद, म्हणजे त्याची 'देहवही', सरकारकडे होतीच. यंत्राला फक्त कोणत्या बाळाची वही कोणत्या आईच्या वहीची, एवढे सांगायला हवे होते. त्यासाठी संकेतस्थळावर एक छोटा अर्ज होता. बाळवहीचा क्रमांक टाकायचा, पालकवहीचा क्रमांक टाकायचा, त्या पालकाच्या फोनवर विचारणा जायची, तिने अंगठा लावला की जोडणी झाली. पालकाशिवाय बाळवही जतनच होत नसे, आणि एका बाळवहीला पालकवही एकच लागे. हा नियम बाईंनी हट्टाने ठेवून घेतला होता. दोन ठिकाणची माहिती एका लसीत मिसळली तर घोटाळा होईल, असे त्यांचे म्हणणे होते आणि ते बरोबर होते.

आता कोणी विचारेल, आई कोण हे यंत्राने रक्तावरूनच का ताडू नये? सुरुवातीला तसेच करून पाहिले होते. पण त्या काळात घरोघरी जी भांडणे पेटली, त्यांनी न्यायालयेही हैराण झाली. शेवटी निकाल लागला, की बाळ कोणाचे हे आई सांगेल, यंत्राने त्यात नाक खुपसू नये. तेव्हापासून अर्जात जे लिहिले तेच खरे मानले जाई.

या एवढ्याशा अर्जाने काय केले, हे सांगताना आजही ऊर भरून येतो. एका पिढीत तान्ह्या मुलांचे तापाचे वॉर्ड ओस पडले. सांगलीतल्या अशा एका वॉर्डात पुढे सार्वजनिक वाचनालय थाटले गेले. असे असूनही बाईंच्या नावाचा चौक नव्हता की पुतळा नव्हता, आणि त्यांना तो नकोही होता.

तर अशा बाई, गुडघ्यांच्या तक्रारीकडे दुर्लक्ष करून, दुसऱ्याच दिवशी तासगावला आल्या.

जुबेदा मुलाणीच्या पिठाच्या गिरणीसमोर बालरक्षण अधिकारी कुंभोजकर आधीच येऊन बसले होते. ओवीचे घर गिरणीला लागूनच होते. ती बेदाण्याच्या शेडमध्ये निवडणीच्या कामाला जात असे आणि आज खाडा करून बसली होती. आपण काही गुन्हा केला आहे, असे दोघींपैकी एकीच्याही चेहऱ्यावर दिसत नव्हते.

"विकलं म्हंजे विकलंच की ओ," ओवी सांगत होती. "अर्जात खोटं कशाला लिवू?"

"अहो, पण किती रुपयांना?" कुंभोजकर काकुळतीला आले होते.

"रुपये कुठलं काढलंय साहेब? कोंडा," जुबेदा म्हणाली. "आमच्याच गिरणीतला. सुपात पोर घिऊन ही मागल्या दारानं आली, म्या पसाभर कोंडा हिच्या पदरात टाकला आन पोर उचललं. दूध प्यायला लगीच हिच्याकडंच दिलं. माझ्याकडं कुठलं दूध?"

डॉ. हेरवाडकरांनी आपली ओळख करून दिली आणि खुर्ची ओढून ओवीपुढे बसल्या. "मला पहिल्यापासून सांग," त्या म्हणाल्या.

ओवीने सांगितले. पहिली मुलगी झाली, तिसऱ्या आठवड्यात झोपेतच गेली. मग मुलगा झाला, तोही तसाच गेला. ताप नाही, रडणे नाही, काही नाही. दवाखान्याने दोन्ही वेळा 'कारण समजले नाही' असे लिहून दिले. तिसऱ्या वेळी दिवस गेले तेव्हा माहेरच्या एका म्हातारीने तिला जुन्या रीतीची आठवण करून दिली. ज्या बाईची मुले जगत नाहीत, तिने मूल सुपात घालून दुसरीला विकायचे, त्याला दगडाधोंड्याचे नाव ठेवायचे आणि वर्षभर आपण त्याची आई असल्याचा शब्दही काढायचा नाही. पाचवीला सटवाई नशीब लिहायला येते, ती फसते. पोर या बाईचे नाहीच, असे समजून निघून जाते. वर्ष सरले की मूल परत विकत घ्यायचे. म्हणून वर्गातल्या साऱ्या रियांश आणि अद्विकांमध्ये उद्या हजेरी घेताना एक धोंडू जगदाळे निघणार होता.

"सूप समजलं, कोंडा समजला," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण अर्जात जुबेदाबाईंच्या वहीचा क्रमांक कशाला टाकलास?"

"आता बगा," ओवी समजावणीच्या सुरात म्हणाली, "सटवाई पयलं कपाळावर लिवायची. पाचवीला पाट्यावर कोरा कागद आन पेन ठेवायचे तिला. आता आमी मोबाईल ठेवतो. समदं त्यातच हाय म्हटल्यावर ती बी तिथंच बघत आसंल न्हवं? सुपात भाभीचं पोर आन मोबाईलात माझं, आसं दिसल्यावर फसंल व्हय ती?"

सुमेधाबाईंनी आयुष्यभर नामवंतांशी वाद घातले होते, पण या युक्तिवादात त्यांना फट सापडेना. एकदा सटवाई मान्य केली, की पुढचे सगळे अगदी तर्कशुद्ध होते. कुंभोजकरांनी 'गुन्हा नाही, रूढी आहे' असा शेरा मारला, घाम पुसला आणि चहा न घेताच ते गेले.

"अर्ज मंजूर करायला माझी हरकत नाही," बाई म्हणाल्या. "पण वाढदिवसाची लस अजून द्यायची आहे. आधी तुझ्या वहीवरून यंत्र त्या लसीचं गणित मांडेल, मग मी सही करीन. मला याच्या रक्ताचा एक थेंब हवा."

धोंडूने बोट पुढे केले आणि टोचल्यावर चक्क हसला. बाई उठल्या तेव्हा ओवी त्यांच्या मागोमाग गाडीपर्यंत गेली.

"लवकर करा तेवढं," ती म्हणाली. तिचा आवाज आता मघासारखा ठाम नव्हता. "वरीसभर म्या त्याला 'आई' म्हनू दिलं न्हाई. दूध पाजताना बी 'वैनी पाजतीया' म्हनायची. घरात त्याच्याशी बोलताना जीभ चावून चावून बोललीया. आता त्याच्या तोंडातनं शब्द फुटाय लागल्यात. मला ऐकायचंय ओ."

बाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि चार दिवसांत होईल, असे सांगितले.

चार दिवसांत झाले नाही. यंत्राने ओवीच्या वहीवरून धोंडूच्या लसीचे गणित मांडले आणि उत्तर लाल आले. ही लस दिली तर मूल जगणार नाही, असा त्याचा अर्थ होता. गणित चुकले असेल म्हणून बाईंनी ते दोनदा पुन्हा करायला लावले. मग त्यांनी ओवीच्या दोन गेलेल्या बाळांच्या वह्या उघडल्या, त्यांना सातव्या दिवशी दिलेल्या लसी समोर घेतल्या, आणि काय घडले होते ते त्यांच्या लक्षात आले. त्या दिवशी त्यांनी कोणाचा फोन घेतला नाही.

त्या तासगावला पत्र पाठवू शकत होत्या. कार्यालयात त्यासाठी गोड भाषेत पत्रे लिहिणारा एक विभाग होता. पण बाई पुन्हा स्वतः गाडीत बसल्या, आणि या एका गोष्टीसाठी त्यांच्यापुढे मान लववावी असे मला वाटते.

गिरणी चालू होती. त्यांचा चेहरा पाहून जुबेदाने बटण दाबून ती बंद केली.

"ओवी, लहानपणी तुला पुरानंतरचा ताप आला होता?"

"आलता की. समद्या गल्लीला आलता. म्या वाचले."

"वाचलीस, कारण तुझ्या अंगानं त्या जंतूला ओळखायला शिकून घेतलं. ओळखायचं कशावरून, तर त्याच्या अंगावरच्या एका खुणेवरून. दुर्दैव असं, की नुकत्या जन्मलेल्या बाळाच्या काळजात जे धागे असतात, ठोका कधी द्यायचा ते काळजाला सांगणारे, त्यांच्यावरही तशीच खूण असते. बाळ मोठं झालं की ती झाकली जाते, पण त्याला काही वर्षं लागतात."

"मंग?"

"मग तुझ्या अंगातले शिपाई त्या धाग्यांना शत्रू समजतात. तुला स्वतःला काही होत नाही, तुझी खूण कधीच झाकली गेलीय. पोटातल्या बाळालाही फारसं होत नाही, कारण तुझ्याकडून त्याला मिळतं ते थोडं असतं आणि विरून जातं. आमची लस मात्र ते विरू देत नाही. ते पक्कं करते. आम्हाला त्याचाच अभिमान होता."

ओवीने धोंडूकडे पाहिले. मग तिने सरळ विचारले, "म्हंजे माझी दोन लेकरं तुमच्या लसीनं गेली?"

"हो," बाई म्हणाल्या. "माझ्या लसीनं."

सबबी पुष्कळ होत्या. अशी खूण लाखात एखाद्या बाईच्या स्मृतीत असते. लसीने वाचलेल्या मुलांची संख्या मोजता येणार नाही इतकी होती. यातले काहीही बाई बोलल्या नाहीत. ओवीने पदर तोंडाला लावला आणि ती रडली, पण बाईंना 'जा' म्हणाली नाही. जुबेदा तिला धरून बसली.

"आन ह्यो कसा वाचला?" शेवटी जुबेदाने विचारले.

"तुमच्यामुळे. याची लस तुमच्या वहीवरून बनली. ती खूण तुमच्या स्मृतीत नाही. उलट तुमच्याइतकी भरलेली वही मी क्वचितच पाहिलीय, इतके ताप तुम्ही पचवलेत." बाई ओवीकडे वळल्या. "यात सटवाईचा काही संबंध नाही, बरं का. पण तू जे केलंस ते आम्ही कोणीच केलं नव्हतं. प्रत्येक बाळ आपापल्या आईलाच जोडलेलं, मग दुसऱ्या वहीवर ते जगलं असतं का, हे कळणार कसं? तुझा अर्ज आला नसता तर मला कधीच समजलं नसतं. तुझ्यासारख्या आणखी बायका सापडताहेत आता. त्यांची पुढची बाळं वाचतील."

"म्हंजे डोळा आमचा, खुंट भाभीचा," ओवी हळूच म्हणाली. द्राक्षबागांच्या गावात राहणाऱ्या बाईला रानटी खुंटावर द्राक्षाचा डोळा बसवून कलम भरण्याची गोष्ट नवी नव्हती.

"जवळपास तसंच."

"बरं. मंग माझं नाव लावा आन लस देऊच नका."

"लस नाही, तर पावसाळ्यातला ताप त्याला सोडणार नाही. बारा वर्षं पुरी होईपर्यंत उजळणी हवीच. आणि तुझं नाव लागलं की यंत्र तुझ्याच वहीवरून लस बनवणार."

"मंग बाजूला लावा. दुसरा रकाना काडा की. एकात भाभी, एकात मी. तुमचंच यंत्र हाय न्हवं?"

याच प्रश्नाची बाईंना धास्ती होती. "मी आठवडाभर त्याचाच विचार करतेय," त्या म्हणाल्या. "रकाना काढणं एका दिवसाचं काम आहे. पण नाव जिथं असतं, तिथून कधी ना कधी कुणीतरी लस काढतंच. एखादी दमलेली नर्स, एखादं घाईतलं यंत्र, एखादा पुढचा शहाणा, ज्याला वाटेल की जन्मदात्रीच खरी. तुझी दोन गेली, ओवी. तिसऱ्याच्या बाबतीत मी रकान्यावर भरवसा ठेवणार नाही. तुझं नाव त्याच्या वहीच्या आसपाससुद्धा नको."

"शाळंत? दवाखान्यात?"

"सगळीकडे वहीच चालते. आई म्हणून जुबेदाबाईंचा अंगठा लागेल. बारा वर्षंच नाही, कायमचा. एकदा मुरलेली स्मृती बदलता येत नाही."

जुबेदा पटकन म्हणाली, "म्या कवा बी येईन अंगठा लावाय. आगं, नाव माझं, पोर तुझंच हाय."

"न्हाई भाभी," ओवी म्हणाली. "नाव तुझं, म्हनून पोर हाय."

तिने फोन मागितला. अर्ज उघडून 'मागे घ्या' हे बटण शोधले आणि दाबले. "विकल्यालंच ऱ्हाऊ दे," ती म्हणाली आणि डोळे पुसून बाईंकडे वळली. "घरात 'आई' म्हनला तर चालंल न्हवं? त्यानं काय व्हत न्हाई न्हवं?"

"काही होत नाही," सुमेधाबाई म्हणाल्या. "हवं तितक्या वेळा म्हणू दे."

धोंडू पायरीवर बसून भाकरीचा तुकडा चोखत होता. ओवीने त्याला उचलून घेतले, "आई म्हन, आई," असे म्हणत छातीशी धरले. तो तिच्या गळ्यात हात टाकून मोठ्या प्रेमाने "वैनी" म्हणाला.

पुढे जे झाले त्याचे श्रेय निर्विवाद डॉ. हेरवाडकरांचे आहे. त्यांनी सगळे जाहीर केले, आपल्या नावानिशी, आणि अहवालाच्या पहिल्याच ओळीत ओवीच्या दोन बाळांचा उल्लेख केला. राजीनामा देऊन मोकळे होणे सोपे होते. दुरुस्ती पुरी होईपर्यंत त्या टीका झेलत खुर्चीवर बसून राहिल्या. 'बघा, आमच्या पूर्वजांना हे सगळे ठाऊक होते,' असे म्हणत जे लोक त्यांचे अभिनंदन करायला आले, त्यांना त्यांनी दारातूनच वाटेला लावले. पूर्वजांना ठाऊक असते तर त्यांची इतकी मुले कशी दगावली असती, असे त्या विचारत.

दुरुस्ती अशी होती. बाळाच्या रक्ताचा थेंब घ्यायचा आणि देशातल्या सगळ्या देहवह्यांतून त्याला सर्वांत सुरक्षित, सर्वांत भरलेली स्मृती कोणाची, हे यंत्राने शोधायचे. सुरुवातीला हे फक्त ओवीसारख्या आयांपुरते होते. मग कोणीतरी विचारले, धोका असलेल्यांपुरतेच का? आईच्या वहीपेक्षा चांगली वही उपलब्ध असताना बाळाला दुय्यम लस का द्यायची? 'माझ्या बाळाला जरा कमी चांगले द्या, पण माझे द्या,' असे म्हणणारी आई कुठून आणायची? बघता बघता सगळी बाळे नव्या पद्धतीने जोडली जाऊ लागली.

यातून एक फार सुंदर गोष्ट घडली. सर्वांत भरलेल्या वह्या निघाल्या त्या पूरछावण्यांत वाढलेल्या, गोठ्यात राबलेल्या, कचरा वेचून मोठ्या झालेल्या बायकांच्या. बंद काचेच्या उंच इमारतींत जन्म काढलेल्या बायकांच्या वह्या जवळजवळ कोऱ्या होत्या. ज्यांच्या सावलीला काही घरे एके काळी नाक मुरडत होती, त्यांची स्मृती आता त्याच घरांतल्या नातवंडांच्या रक्तात वाहू लागली. जुबेदाच्या वहीला इतकी बाळे जोडली गेली, की तिने मोजणे सोडून दिले. ती गिरणीत बसून दिवसभर फोनवर अंगठा लावत असे आणि प्रत्येक वेळी 'अल्ला सुखी ठेवो' म्हणत असे. बालमृत्यूंचा आकडा इतका खाली आला, की तो छापण्यासाठी दशांश चिन्हानंतर बरीच शून्ये लागत. माणसाने स्वतःचा अभिमान वाटावा असे फार थोडे केले आहे, त्यात हे येते.

धोंडू पाचवीत गेला त्या वर्षी ओवीला पुन्हा मुलगी झाली. या वेळी तिने सूप काढले नाही, कोंडा घेतला नाही आणि मुलीचे नाव चांगले मीरा ठेवायचे ठरवले. दवाखान्यात थेंब घेतला, यंत्राने वही सुचवली. या वेळची बाई जुबेदा नव्हती. नुसता एक क्रमांक आला. इतक्या लोकांचा प्रश्न असल्याने नावे दाखवणे आता बंद झाले होते. त्या अनोळखी बाईचा अंगठा कुठूनतरी लागलीच आला.

बाळाला पाजत पाजत ओवी अर्ज भरत होती. क्रमांक आपोआप भरले गेले. शेवटी एकच प्रश्न राहिला : 'अर्जदाराचे बाळाशी नाते.' तिने यादी उघडली. 'पालकवहीधारक', 'रुग्णालय', 'संस्था' आणि 'इतर', एवढेच पर्याय होते. तिने यादी वरपासून खालपर्यंत पुन्हा पाहिली.

"ह्यात आई कुठं हाय?" तिने नर्सला विचारले.

नर्स तरुण होती. तिला हा प्रश्न नवा नसावा. "ते काढून टाकलंय, ताई. त्यावरून लस काढायची चूक होऊ नये म्हणून," ती म्हणाली. मग यादीच्या शेवटी बोट ठेवून, "सगळ्याजणी 'इतर' करतात."

ओवीने मीराकडे पाहिले. पोरगी गुबगुबीत होती, डोळे मिटून चुरूचुरू दूध पीत होती. ती तिसरा आठवडा पाहणार होती, तिसरे वर्ष पाहणार होती, म्हातारी होणार होती.

ओवीने 'इतर' निवडले. 'अर्ज स्वीकारला. बाळ सुरक्षित आहे,' अशी हिरवी ओळ उमटली. तिने फोन बाजूला ठेवला आणि मुलीला दुसऱ्या अंगावर घेतले.